नऊशे जुन्या क्वेऱ्यांत गाळ्याची अट घालायचीय. रेजेक्सने हात पोळले, आता पुढे काय?

महापेचा_मजूर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, गोड मानून घ्या.

महापेला एका छोट्या कंपनीत आहे. वाशीच्या मार्केट यार्डातल्या गाळेवाल्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो: आवक, पट्टी, तोलाई, हमाली, उधारी, सगळं. आजवर प्रत्येक गाळ्याचा डेटाबेस वेगळा होता. मायएसक्यूएल (एक डेटाबेस सॉफ्टवेअर), तेही गाळ्याच्या पोटमाळ्यावर धूळ खात पडलेल्या मशीनवर. आता सगळे गाळे एकाच पोस्टग्रेसमध्ये (हे दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर) येतायत आणि प्रत्येक टेबलाला गाळा_क्र हा नवा कॉलम लागलाय. घोडं अडलंय ते रिपोर्टांवर. बारा वर्षांत आठ-दहा जणांनी लिहिलेल्या नऊशेच्या आसपास क्वेऱ्या (एसक्यूएल भाषेत डेटाबेसला विचारलेले प्रश्न) आहेत आणि त्यातल्या एकीलाही गाळा_क्र म्हणजे काय ते ठाऊक नाही.

मी शहाणपणा केला तो असा, की व्हेअर (क्वेरीतला अटींचा भाग) दिसलं तर क्वेरीच्या शेवटी 'ॲन्ड गाळा_क्र = १२' चिकटवायचं, नाही दिसलं तर 'व्हेअर गाळा_क्र = १२'. ग्रुप बाय, ऑर्डर बाय असेल तर त्याच्या आधी. दोन दिवसांत रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधून बदलायची युक्ती) उभं केलं, स्वतःवर खूश झालो. शुक्रवारी डेमो. १२ नंबरच्या गाळ्याचे शेटजी समोर बसलेले. उधारीचा रिपोर्ट उघडला आणि ते चष्मा वर करून म्हणाले, "अरे, हा तर शेजारच्याचा गिऱ्हाईक. याच्याकडे एवढे थकलेत होय त्याचे!"

डेमोला खरा डेटा घेतला ही वेगळी चूक, त्यावर साहेबांनी यथेच्छ सुनावून झालंय, इथे पुन्हा नको.

ती क्वेरी अशी होती (इथल्या खिडकीत रोमन टाकलं की ओळी मोडतात, म्हणून कोडही देवनागरीत):

सिलेक्ट * फ्रॉम उधारी
व्हेअर बाकी > ५०००० ऑर दिवस > ९०
ॲन्ड गाळा_क्र = १२

कुणीतरी सांगितलं की क्वेरीचं झाड करून त्यात बदल करतात. नेमकं कुठून सुरुवात करू?

कंसातली

मजूरभाऊ, ॲन्ड हा ऑरपेक्षा घट्ट बांधतो. तुमची क्वेरी डेटाबेसने वाचली ती अशी: बाकी पन्नास हजारांच्या वर आहे, मग गाळा कुणाचाही असो, किंवा नव्वद दिवस उलटलेत आणि गाळा १२ आहे. शेजाऱ्याचा मोठा थकबाकीदार पहिल्याच अर्ध्यातून आत आला.

आठवीत मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण होतं ना, उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार? पार्सर, म्हणजे क्वेरी वाचून तिची फोड करणारा प्रोग्राम, तेच करतो. आधी अक्षरांचे शब्द पाडतो, म्हणजे टोकन. मग व्याकरणाच्या नियमांनी त्यांची झाडासारखी मांडणी करतो. तुमच्या अटीचं झाड:

ऑर
  – बाकी > ५००००
  – ॲन्ड
      – दिवस > ९०
      – गाळा_क्र = १२

हवं होतं ते:

ॲन्ड
  – ऑर
      – बाकी > ५००००
      – दिवस > ९०
  – गाळा_क्र = १२

मजकुरात दोन्हींत फरक दोन कंसांचा. झाडात बुंधाच वेगळा.

रेजेक्सवाल्यांना आणखी एक गंमत. 'तारीख बिटवीन अमुक ॲन्ड तमुक' यातला ॲन्ड हा अटी जोडणारा ॲन्डच नाही, तो बिटवीनचा अवयव आहे. ॲन्डवर क्वेरी तोडून पुन्हा जोडणारा कोड मी एका जागी पाहिलाय. पहिल्या आर्थिक वर्षाच्या रिपोर्टलाच आडवा झाला.

ट्रान्सहार्बर

वाचनखूण.

महापेचा_मजूर

ताई, वाक्यपृथक्करणाने डोक्यात एकदम उजेड पडला. शाळेत त्यात पाचपैकी दीड मिळाला होता, ते सोडा.

आमचं सगळं जावामध्ये आहे. कुठली लायब्ररी घेऊ?

कंसातली

जावा असेल तर जेएसक्यूएलपार्सर. बऱ्याच बोलींची (प्रत्येक डेटाबेसचं एसक्यूएल थोडं वेगळं असतं, त्यांची) खिचडी समजून घेतो. ॲपॅची कॅल्साइटसुद्धा आहे, पण ते अख्खं क्वेरी इंजिन उभारायचं सामान आहे. कपाट हलवायला क्रेन कशाला? एकदाच बसून सगळ्या क्वेऱ्या बदलून ठेवायच्या असतील आणि पायथॉन चालत असेल, तर डोळे मिटून एसक्यूएलग्लॉट. शुद्ध पायथॉन आहे, आणि मायएसक्यूएलमधून वाचून पोस्टग्रेसमध्ये लिहितो. तुम्हाला नेमकं तेच करायचंय.

नावाला भुलून एसक्यूएलपार्स घेऊ नका. ते क्वेरी नीटनेटकी मांडायला छान आहे, पण व्याकरण तपासत नाही. टोकनांचे गठ्ठे करून हातात देतं, कुठली अट कुणाच्या पोटात हे आपणच शोधायचं. लिबपीजीक्वेरी म्हणजे पोस्टग्रेसचा स्वतःचा पार्सर सुटा काढलेला. पोस्टग्रेसच्या क्वेरीसाठी त्याच्याइतकं खात्रीचं काही नाही, पण तुमच्या मायएसक्यूएलमध्ये नावांभोवती असणाऱ्या उलट्या टिंबांपाशीच (बॅकटिक) तो थांबेल.

आणि हो, जेएसक्यूएलपार्सर आणि एसक्यूएलग्लॉट या दोन्हींत कंस हा झाडातला वेगळा नोड (झाडातली गाठ) असतो. तुम्ही हाताने ॲन्डचा नोड बांधलात आणि त्यात एका बाजूला ऑर ठेवलात, तर झाड बरोबर असूनही छापून येणारा मजकूर चुकीचा येईल, कारण छापणारा आपण होऊन कंस घालत नाही. एसक्यूएलग्लॉटचं व्हेअर हे तयार फंक्शन वापरलं तर तो गुंडाळून देतो. स्वतः नोड बांधणार असाल तर कंसही स्वतःच घाला. माझं टोपणनाव उगाच नाही.

रबाळे_लोकल

एवढं सगळं कशाला म्हणतो मी? पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून रो लेव्हल सिक्युरिटी आहे, म्हणजे कुणाला टेबलातल्या कुठल्या ओळी दिसाव्यात ते डेटाबेसच बघतो. टेबलावर पॉलिसी (तो नियम) लावा, सेशनमध्ये (चालू जोडणीत) गाळा क्रमांक सेट करा, विषय संपला. क्वेऱ्यांना हातसुद्धा लावू नका.

महापेचा_मजूर

लोकलभाऊ, साहेबांनी पहिल्याच बैठकीत हेच विचारलं होतं. दोन अडचणी. सगळे गाळे एका रात्रीत हलणार नाहीत, पुढचे पाच-सहा महिने काही गाळ्यांचा डेटा एकत्र केलेल्या मायएसक्यूएलमध्ये राहणार, आणि तिथे अशी सोयच नाही. दुसरं म्हणजे क्वेऱ्या मायएसक्यूएलच्या बोलीत आहेत, त्यांना हात लावावाच लागणार. मग एकाच फेरीत दोन्ही उरकू म्हटलं.

रबाळे_लोकल

मान्य. तरी पोस्टग्रेसच्या बाजूला पॉलिसी लावाच. फक्त एक बघा, रिपोर्ट चालवणारा युजर टेबलाचा मालक असेल तर पॉलिसी त्याला लागूच होत नाही. फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी असं वेगळं सांगावं लागतं. सुपरयुजरला तर तेही अडवत नाही. आमच्याकडे तीन आठवडे पॉलिसी 'लावलेली' होती आणि ॲप मालकाच्याच नावाने घुसत होतं. दाराला नवंकोरं कुलूप, आणि आम्ही रोज मागच्या दाराने ये-जा करतोय.

जुना_खोडरबर

तुम्ही करताय ते नवीन नाही, काळजी नसावी. १९७४ साली बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इंग्रेस या तिथल्या डेटाबेससाठी हेच मांडलं होतं. माणसाला जेवढं दिसायला हवं त्याची अट त्याच्या क्वेरीत गुपचूप मिसळायची आणि मगच ती चालवायची. 'क्वेरी मॉडिफिकेशन' म्हणायचे त्याला. तेव्हा इंग्रेसची भाषा एसक्यूएल नव्हती, क्वेल होती. पोस्टग्रेस हे नावच मुळी इंग्रेसच्या नंतरचं म्हणून पडलं, आणि त्याच्यात व्ह्यू (टेबलासारखं नाव देऊन ठेवलेली क्वेरी) आजही याच रस्त्याने चालतो. तुम्ही व्ह्यूवर सिलेक्ट टाकता, पार्सर झाड करतो, रिरायटर त्या झाडात व्ह्यूच्या नावाच्या जागी व्ह्यूची मूळ क्वेरी बसवतो, आणि मग ते प्लॅनरकडे, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्याकडे, जातं.

बसवतो कुठे, ते पुन्हा वाचा. नावाच्या जागी. व्हेअरच्या शेपटाला नाही. मजूरसाहेब, तुमचा पुढचा खड्डा तिथेच आहे.

महापेचा_मजूर

काका, तुमच्या तोंडात साखर पडो की माती, ठरवता येत नाहीये. त्या खड्ड्यात काल संध्याकाळीच पडलो.

जेएसक्यूएलपार्सर घेतला. प्रत्येक सिलेक्टच्या व्हेअरमध्ये, कंस घालून, प्रत्येक टेबलासाठी गाळा_क्रची अट टाकली. युनियनच्या (दोन क्वेऱ्यांची उत्तरं एकत्र करणाऱ्या) दोन्ही फांद्यांत गेली, सबक्वेरीत (क्वेरीच्या पोटातल्या क्वेरीत) गेली, मन भरून आलं. मग व्यापारी यादीचा रिपोर्ट चालवला:

सिलेक्ट व्या.नाव, उ.बाकी
फ्रॉम व्यापारी व्या
लेफ्ट जॉइन उधारी उ ऑन उ.व्यापारी_क्र = व्या.क्र

यादीत पूर्वी २१० नावं यायची, आता १३०. ज्यांच्याकडे काहीच थकलेलं नाही ते सगळे गायब. म्हणजे जे रोखीने व्यवहार करतात तेच यादीतून बाद! शेटजींना हे दाखवलं असतं तर त्यांनी मला गोणीत भरून तराजूवर ठेवला असता.

कंसातली

लेफ्ट जॉइन डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवतो, उजवीकडे जोडी असो वा नसो. त्याच्या उजव्या बाजूच्या टेबलाची अट व्हेअरमध्ये गेली की त्याचा साधा जॉइन होतो, फक्त जोडी असलेल्या ओळी उरतात. उधारी नसलेल्या व्यापाऱ्यापुढे उ.गाळा_क्र नल (रिकामा) येतो, नल = १२ हे खरं ठरत नाही, ओळ गळते. अट ऑनमध्ये टाकली तर हा रिपोर्ट सुटेल. पण मग फुल जॉइन (दोन्हीकडच्या सगळ्या ओळी ठेवणारा) आला की ऑनही पुरत नाही, दुसऱ्या गाळ्याच्या ओळी जोडी न मिळालेल्या म्हणून तशाच बाहेर येतात. जॉइनच्या प्रत्येक जातीचा वेगळा नियम लिहीत बसाल.

त्यापेक्षा काका म्हणतायत तसं करा. झाडात उधारी या टेबलाचा नोड जिथे असेल तिथून उचलायचा आणि त्या जागी हे ठेवायचं:

(सिलेक्ट * फ्रॉम उधारी व्हेअर गाळा_क्र = १२) उ

आता वर लेफ्ट असो, फुल असो, एक्झिस्ट्स असो, आपल्याला देणंघेणं नाही. त्या क्वेरीच्या जगात फक्त १२ नंबरचा गाळा आहे. टेबलाचं टोपणनाव (इथे उ) जे होतं तेच ठेवायचं, नसेल तर टेबलाचंच नाव टोपणनाव म्हणून द्यायचं. वेगाची चिंता नको, अशी साधी सबक्वेरी पोस्टग्रेसचा प्लॅनर वर खेचून सपाट करतो. मायएसक्यूएलही ५.७ पासून करतो. तुमच्या पोटमाळ्यावरच्या आवृत्त्या कोणत्या आहेत देव जाणे.

कुणी 'हिशेब.उधारी.बाकी' असं स्कीमासकट (टेबलाआधी डेटाबेसचं नाव लावून) लिहिलं असेल तर ते मात्र मोडेल. पण ते एररने मोडेल, चालतं.

ट्रान्सहार्बर

वाचनखूण काढून लिहितोय, कारण पुढचा खड्डा माझ्या ओळखीचा आहे. ऐरोलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये फोनवर टंकतोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

तुमच्या नऊशेत कुठेतरी हे असणार:

विथ उधारी ॲज (
  सिलेक्ट व्यापारी_क्र, बाकी फ्रॉम उधारी व्हेअर बाकी > ०
)
सिलेक्ट व्यापारी_क्र, सम(बाकी) फ्रॉम उधारी ग्रुप बाय व्यापारी_क्र

विथ म्हणजे त्या क्वेरीपुरतं नाव दिलेली पोटक्वेरी. लिहिणाऱ्याने आळसाने विथला टेबलाचंच नाव दिलंय. कायदेशीर आहे. इथे फ्रॉम उधारी दोनदा आलंय, पण आतली उधारी खरं टेबल आहे आणि बाहेरची म्हणजे वरचं विथ.

नाव बघून दोन्ही गुंडाळलेत तर बाहेरच्यात गाळा_क्र कॉलमच नाही, एरर येईल. एरर बघून माणूस काय करतो? मी केलं ते सांगतो. क्वेरीतली विथची सगळी नावं आधी एका यादीत गोळा केली आणि यादीतलं नाव दिसलं की टेबल समजायचं नाही, पुढे जायचं. एरर गेली, मी घरी गेलो. पण आता आतलं खरं टेबलसुद्धा त्याच यादीमुळे सुटलं होतं! अट कुठेच लागली नाही, सगळ्यांचा डेटा सगळ्यांना, आणि चाचण्या हिरव्यागार.

विथ रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा वापरणारं विथ) असेल तर नियम पुन्हा उलटतो, तिथे आतलं नाव स्वतःलाच उद्देशून असतं.

थोडक्यात, नाव बघून भागत नाही, ते नाव त्या ठिकाणी कुणाचं आहे हे लागतं. आपल्याकडे एका सोसायटीत चार पाटील असतात तसं, नुसतं पाटील म्हणून भागत नाही, विंग विचारावी लागते. एसक्यूएलग्लॉटमध्ये यासाठी स्कोप आहे. प्रत्येक सिलेक्टसाठी तो सांगतो की इथला अमुक स्रोत खरं टेबल आहे की दुसरा स्कोप. जेएसक्यूएलपार्सरवरच राहायचं असेल तर झाड उतरताना स्वतःचा स्टॅक (एकावर एक रचलेली यादी) ठेवा: विथमध्ये शिरलो की कुठली नावं दिसतात, बाहेर पडलो की कुठली.

ठाणे आलं. उतरतो.

महापेचा_मजूर

शोधलं. नऊशेत अशा चार निघाल्या. दोन माझ्याच हातच्या, २०१९ च्या.

आणि माझ्याकडे याहून घाणेरडं होतं, आता लपवून काय करू. पार्सर एखाद्या क्वेरीवर अडला की मी एरर पकडून मूळ क्वेरी आहे तशी चालवत होतो, 'रिपोर्ट बंद पडू नये' म्हणून. म्हणजे जी क्वेरी समजलीच नाही तिला फाटक सताड उघडं. काढलं. आता अडली तर रिपोर्ट उघडतच नाही आणि मला मेल येतो.

रबाळे_लोकल

हे बरं केलंत. मायएसक्यूएलच्या बाजूला कमेंटवरही लक्ष ठेवा. '/*!' ने सुरू होणारी कमेंट इतर बहुतेकांना कमेंट वाटते, मायएसक्यूएल मात्र तिच्या आतला मजकूर चालवतो. तुमच्या पार्सरने ती कमेंट म्हणून सोडली आणि मजकुरात तशीच पुढे गेली, तर आतल्या टेबलाला अट लागलीच नाही. म्हणून पार्स करून नुसतं तपासायचं आणि मूळ मजकूर चालवायचा, असं कधी करू नका. झाडातून जे छापून येईल तेच चालवा, कमेंटा गाळून.

दाणाबंदर

मी सॉफ्टवेअरवाली नाही. यार्डात एका पेढीवर हिशेब बघते, भाच्याने हा धागा पाठवला. झाडं-फांद्या डोक्यावरून गेल्या, पण दोन गोष्टी विचारते.

आमच्याकडेही असंच सगळं एकत्र झालं तेव्हा सरासरी भावातले पैसे गेले होते. १८५० रुपयाला ४ गोण्या, तर भाव ४६२ दाखवायचं. पन्नास पैसे कुठे गेले, कुणी सांगेना. तुम्ही ते बघितलंय का?

दुसरं, एकाच मालकाचे दोन गाळे असतात हो. आमचेच आहेत. शेटना दोन्हींची उधारी एका कागदावर लागते.

कंसातली

ताई, तुम्ही आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा बरं टेस्टिंग करता.

पैशांचं कारण असं की मायएसक्यूएलमध्ये ७ भागिले २ म्हणजे साडेतीन. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही पूर्णांक असतील तर ३, अपूर्णांक सरळ कापला जातो. क्वेरी अक्षरशः तीच, झाड तेच, उत्तर वेगळं. शून्याने भागलं तर मायएसक्यूएल नल देऊन गप्प बसतो, पोस्टग्रेस एरर फेकतो. एसक्यूएलग्लॉटला कुठल्या बोलीतून कुठल्या बोलीत ते सांगितलं की तो भागाकाराला कास्ट (आकड्याचा प्रकार बदलणं) आणि नलइफ (शून्य असेल तर नल) लावतो, पण कॉलमचा प्रकार त्याला झाडात दिसत नाही, स्कीमा (टेबलांच्या कॉलमांचे प्रकार) द्यावा लागतो. नाहीतर बिचारा सावधगिरीने सगळीकडे डबल प्रिसिजन (अंदाजे दशांश) करत सुटतो. आणि पोस्टग्रेसचं दोन दशांशांचं राउंड डबल प्रिसिजनवर चालतच नाही, न्यूमेरिकच (अचूक दशांश) लागतं. पैशाला तसंही न्यूमेरिकच हवं.

तसंच नावांच्या तुलनेचं. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनला (अक्षरं ताडायच्या नियमाला) लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच, पोस्टग्रेसला नाहीत. हे कुठल्याच झाडात दिसणार नाही.

महापेचा_मजूर

दाणाबंदरताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने आज आमची दुपार खाल्ली. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, "हो, असतात की दोन गाळे, तुला माहीत नव्हतं?" इतकी वर्षं वाशी यार्डाचं सॉफ्टवेअर लिहितोय. नव्हतं माहीत.

त्यामुळे 'गाळा_क्र = ?' चं 'गाळा_क्र इन (...)' झालं. ते करताना आणखी एक सापडलं. जुन्या क्वेऱ्यांत प्रश्नचिन्हांच्या जागा (चालवताना बाहेरून किंमत देतो त्या) क्रमाने भरल्या जातात. आमची गुंडाळलेली सबक्वेरी फ्रॉममध्ये, म्हणजे व्हेअरच्या आधी. तिच्यातलं प्रश्नचिन्ह पहिलं ठरलं आणि तारखेच्या जागी गाळा क्रमांक, गाळ्याच्या जागी तारीख. आता गाळे आमच्याच टेबलातून आलेले पूर्णांक आहेत याची खात्री करून थेट आकडेच नोडमध्ये घालतो, प्रश्नचिन्हांना धक्का नाही.

तपासणीला एक बरं आहे. जुने वेगळे डेटाबेस अजून पोटमाळ्यांवर चालू आहेत. तीच उत्तरपत्रिका. प्रत्येक रिपोर्ट जुन्यावर मूळ क्वेरीने आणि नव्यावर बदललेल्या क्वेरीने चालवतो आणि ओळी ताडून बघतो. आधी एक्सेप्टने (एकीकडे असलेल्या पण दुसरीकडे नसलेल्या ओळी दाखवणाऱ्या) ताडत होतो, ते सारख्या ओळी एकच मानतं. एकाच शेतकऱ्याच्या एकाच भावाच्या दोन पट्ट्या असल्या तर एक हरवली तरी कळायचं नाही. आता एक्सेप्ट ऑल, दोन्ही दिशांनी.

जुना_खोडरबर

ऑर्डर बाय नसलेल्या लिमिटच्या (ठरावीकच ओळी मागणाऱ्या) क्वेऱ्या यात विनाकारण लाल दिसतील, कुठल्या ओळी येतील याचा नेम नाही. त्या आधी बाजूला काढा, नाहीतर रात्र जागाल.

महापेचा_मजूर

काका, ती रात्र कालच जागून झाली.

आजची स्थिती: बहुतेक सगळ्या जुळल्या. अकरा उरल्यात. पाच पार्सरला पचत नाहीत, हाताने लिहितोय. पाचांत ग्रुप बायमध्ये नसलेले कॉलम सिलेक्टमध्ये आहेत, जुना मायएसक्यूएल ते मुकाट्याने चालवायचा आणि कुठलीतरी एक ओळ उचलून द्यायचा. पोस्टग्रेस नाही म्हणतो. तिथे 'बरोबर' उत्तर कुठलं हे गाळेवाल्यालाच विचारावं लागणार. मार्केट पहाटे भरतं, तेव्हा उद्या पहिल्या गाडीने वाशी.

अकराव्या क्वेरीत स्टोअर्ड फंक्शनची (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडची) हाक आहे, बाकी_काढ(व्यापारी_क्र). आतून ते उधारी वाचतं, आणि माझ्या झाडात ते नुसतं फंक्शनचं पान दिसतं, टेबल कुठेच नाही. लोकलभाऊ, पोस्टग्रेसमध्ये तुमची पॉलिसी हिला पकडेल ना, की फंक्शन मालकाच्या हक्काने चालतंय हे आधी बघू?

रबाळे_लोकल

आधी तेच बघा. सिक्युरिटी डिफायनर लिहिलं असेल तर ते त्याच्या मालकाच्याच हक्काने चालतं.